डाव्या हाताला सूर देणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

खरं तर तुमचे आभार आणि तुमच्याकडून शिकलेलं हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण पेटीवरून कीबोर्डकडे वळलेले आणि कॉर्डपाशी, म्हणजे एकत्र दाबायच्या स्वरांच्या जुळणीपाशी, येऊन अडलेले माझ्यासारखे बरेच जण आहेत. त्यांच्याही कानावर पडावं म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

नेरुळच्या आमच्या भजनी मंडळाने यामाहाचा अरेंजर कीबोर्ड घेतला आणि तो आपसूकच माझ्यासमोर आला, कारण पेटी मी वाजवते. पण पेटीवाल्याचा डावा हात जन्मभर भाता मारतो, सूर सगळे उजव्या हाताकडे. अरेंजरवर मात्र बास, गिटार, स्ट्रिंग्ज, सगळी साथ डाव्या हाताच्या कॉर्डवर चालते. ज्या हाताने कधी पट्टीला स्पर्श केला नाही, त्याच्यावरच एवढा मोठा भार! "एक बोट ठेवा, झालं," असं मला जो तो सांगत होता.

तुम्ही कोपरखैरण्याहून लोकलने आलात, क्लब हाऊसमध्ये बसलात आणि बटणांना हात लावायच्या आधी विचारलंत, "तुमच्या बायका गातात कुठून? आणि अभंग कुठल्या रागात?" मी म्हटलं, काळी चार (सप्तकातली चौथी काळी पट्टी), भीमपलास. तुम्ही सिंगल फिंगर (एकदोन बोटांत कॉर्ड धरायचा मोड) लावून नुसती काळी चार दाबलीत आणि मला गायला सांगितलंत. मी कोमल गंधारावर आले, तर मागून स्ट्रिंग्जचा शुद्ध गंधार! कान किटले अगदी. एका बोटाला कीबोर्ड मेजर, म्हणजे शुद्ध गंधाराची कॉर्ड, समजतो, हे तेव्हा नीट कळलं. मग तुम्ही काळी चारसोबत काळी तीन दाबलीत आणि तीच ओळ पुन्हा म्हणायला लावलीत. गंधाराला गंधार मिळाला. डावीकडची लगतची काळी पट्टी सोबत घेतली की मायनर (कोमल गंधाराची कॉर्ड), लगतची पांढरी घेतली की सेव्हन्थ (कोमल निषाद जोडलेली), दोन्ही घेतल्या की मायनर सेव्हन्थ. घरी नातीचा कॅसिओ आहे, तिथे हिशेब वेगळा हेही तुम्हीच सांगितलंत. कॅसिओ कॉर्डमध्ये मूळ पट्टीच्या उजवीकडची कुठलीही एक दाबली की मायनर, दोन दाबल्या की सेव्हन्थ. हे माहीत नसतं, तर दोन कीबोर्डांमध्ये डाव्या हाताचा पार गोंधळ झाला असता.

पण तुमचे सगळ्यात जास्त आभार मानायचे आहेत ते फिंगर्ड मोडसाठी, जिथे कॉर्डचे सगळे स्वर आपणच दाबायचे. पांढरी एक सा धरून तुम्ही मला ग-प-सां दाबायला लावलंत, मग म-ध-सां, मग रे-प-नी. हात जागेवरून हलतो न हलतो, बोटं तेवढी सरकतात, आणि बास (साथीचा खर्जातला सूर) मात्र चोख सा, म, प असाच वाजतो. कॉर्ड कशीही उलटवा, म्हणजे तिचा कुठलाही स्वर खाली घ्या, मूळ स्वर यंत्र ओळखतं. (सिक्स्थसारख्या काही कॉर्ड खालच्या स्वरापासूनच धराव्या लागतात, पण आमच्या अभंगांत त्यांचं काम फारसं पडत नाही.) आणि कॉर्ड लागली की हात उचलला तरी साथ थांबत नाही, पुढची कॉर्ड येईपर्यंत तीच चालू राहते, फक्त सिंक स्टॉप (हात उचलताच साथ थांबवणारी सोय) बंद हवा. भात्याची सवय असलेल्या हाताला ही केवढी सोय आहे, हे पेटीवाल्यालाच कळेल.

मग तुम्ही फिंगर्ड ऑन बास लावलंत आणि तेच ग-प-सां, म-ध-सां, रे-प-नी पुन्हा वाजवायला सांगितलंत. बास ग, म, रे! साथीचा पायाच हलला. या मोडमध्ये सगळ्यात खालचा स्वर म्हणजे बास, त्यामुळे सोयीसाठी उलटवलेली कॉर्ड इथे चालत नाही. लगेच त्याची दुसरी बाजूही दाखवलीत. सा-ग-प, मग नी खाली ठेवून नी-रे-प, मग ध-सा-ग. बास सा, नी, ध असा एकेक पायरी उतरत गेला आणि तालमीला बसलेल्या सगळ्या जणींनी एकदम वर पाहिलं. हीच ओळ साध्या फिंगर्डमध्ये वाजवली तर बास सावरून पवर उडी मारतो, ते उतरणं राहतच नाही. आमच्या भावगीतांच्या कार्यक्रमात आता अशा जागा मी हेरून ठेवते, तेवढ्यापुरता मोड बदलते आणि परत फिंगर्डवर येते.

फुल कीबोर्ड तुम्ही एकदाच ऐकवलंत. दोन्ही हातांचे स्वर मिळून कॉर्ड ठरते, पियानो शिकलेल्यांसाठी उत्तम. उजव्या हाताने गाण्याच्या मागे मागे जाणाऱ्या आम्हा पेटीवाल्यांना ते नको, असं तुम्ही म्हणालात आणि मलाही ते मनापासून पटलं.

सिंगल फिंगर नवशिक्यांसाठी आणि ऑन बास उस्तादांसाठी, अशी उतरंड तुम्ही कधी लावली नाहीत. गाणं काय मागतंय आणि हाताला काय जमतंय, एवढंच पाहिलंत. ऑर्केस्ट्रात आयुष्य काढलेल्या माणसाने आमच्या अभंगांना इतकं मनावर घ्यावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. मानधनाचं विचारलं तर चहाच्या पुढे बोलूच दिलं नाहीत.

कोजागिरीला क्लब हाऊसमध्ये आमचा कार्यक्रम आहे. भीमपलासातल्या अभंगाने सुरुवात करणार आहोत. तुम्ही आणि वहिनी दोघेही नक्की या. आणि अंतऱ्याला सेव्हन्थ घेऊ की साधी मायनरच ठेवू, तेवढं आधी कळवा.

तुमची,
भजनी मंडळातली पेटीवाली ताई
नेरुळ, नवी मुंबई