मूठ फिरते, नळ बंद होत नाही

महोदय,

बाथरूमच्या नळाची मूठ नुसतीच गरगर फिरू लागली की लोक अख्खा नळ बदलतात. बहुतेकदा त्याची गरज नसते. मुठीवरचे लाल-निळे बटण पातळ पट्टीने उचकटा आणि खालचा स्क्रू आवळा. पितळी आटे जातील इतका जोर मात्र नको. तरीही घसरते? मग मुठीच्या आतले प्लास्टिकचे दाते झिजलेत. स्पिंडलवर, म्हणजे मूठ बसते त्या दांडीवर, टेफ्लॉन टेपचे दोन-तीन वेढे दिले की काही दिवस निभावते. नवी मूठ आणताना जुनी सोबत न्या, दात्यांची संख्या जुळायलाच हवी. वायसर खराब असेल तर तोही बदला. खराब वायसरमुळे गळणारे थेंब थांबवायला लोक मूठ पिळतात, दाते त्यानेच जातात. वायसर काढण्याआधी पाणी बंद करा.

– एक वाचक, ठाणे