धाब्यावरची माती

भुसावळ
रविवार, रात्री

तीर्थरूप आई व आप्पा यांस,
ताईचा शिरसाष्टांग नमस्कार.

फोन असताना पत्र कशाला, असं आई म्हणेल. आप्पा, फोनवर तुम्ही दोन वाक्यांत आटोपता आणि फोन आईच्या हातात देता. मग आईचं "पोऱ्या कसा शे?" सुरू होतं, आणि जे सांगायचं ते राहून जातं. म्हणून लिहिते आहे. तुम्ही ओट्यावर बसा, चष्मा लावा आणि हे आईला मोठ्याने वाचून दाखवा. मधे राग आला तर थांबा, पण पुढचं वाचायचं सोडू नका.

शुक्रवारी सकाळी साडेदहाचा सुमार होता. हे ड्युटीवर गेले होते. पोऱ्याला सर्दी होती म्हणून शाळेत पाठवला नव्हता. मी भरताची वांगी गॅसवर भाजायला ठेवली होती आणि ओट्याशी मिरच्या निवडत होते. एकदम खालून धक्का बसला. जमिनीखालून कुणी ओंडका हाणावा तसा. मग घरघर. फळीवरचे डबे एकमेकांवर वाजायला लागले आणि माठावरचं झाकण सरकून खाली पडलं.

भुसावळात राहून मला दहा वर्षं झाली. मालगाडीची थरथर मी झोपेतही ओळखते. ती लांबून येते, वाढत जाते आणि हळूहळू ओसरते. ही तशी नव्हती. ही आली तीच पूर्ण जोराने आली आणि तीन-चार सेकंदांत संपली. पंखा मात्र बंद असूनही डोलत राहिला. त्याच्याकडे बघितल्यावर मला कळलं की हा भूकंप आहे.

मी गॅस बंद केला, पोऱ्याला उचललं आणि तीन मजले उतरून खाली पळाले. हे चुकलंच. हलत असताना जिन्यात जायचं नसतं. टेबलाखाली बसून डोकं झाकायचं, थांबल्यावर उतरायचं. पण त्या वेळी पायच ऐकत नाहीत. खाली सगळी बिल्डिंग जमली होती. कुणी ओल्या केसांनी, कुणी कणकेच्या हातांनी. कुणी म्हणालं कारखान्यात स्फोट झाला, कुणी म्हणालं खदानीत सुरुंग लावला असेल. भूकंप हा शब्द पहिल्यांदा एका शाळकरी मुलीने उच्चारला, आणि सगळे गप्प झाले.

माझ्या मनात तेव्हा आमची बिल्डिंग नव्हतीच. आपलं धाबं होतं, घरावरचं ते मातीचं सपाट छत. मी तुम्हाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. वीस मिनिटं मी लावत होते. आता मला माहीत आहे की फोन आत चार्जिंगला होता, आप्पा बोरी नदीकडच्या वावरात होते आणि आई शेजारी शेवया करायला गेली होती. पण ती वीस मिनिटं मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी त्या गर्दीत उभी राहून आपलं घर मनातल्या मनात एकेक लाकूड करून बघत होते. मधल्या खणाची तडकलेली तुळई. देवघराशेजारचा खांब, ज्याच्या बुडाला वाळवी लागली होती. पश्चिमेची भिंत, जी पोटाशी फुगली आहे आणि जिला तुम्ही दर दिवाळीला पांढरी माती सारवून गुळगुळीत करता. आईची खाट त्याच भिंतीला लागून आहे, आणि खाटेच्या वर मांडणीवर पितळी हंडे आणि घागरी.

शेवटी फोन उचललात तेव्हा म्हणालात, "आठे काही नही. आपलाकडे भुई हालत नही, ताई." आणि हसलात. तुमचं हसणं ऐकून मला रडू आलं. ते तुम्हाला कळू नये म्हणून मी फोन ठेवला.

संध्याकाळी कळलं, धक्का तीनच्या थोडा वरचा होता. एवढ्याने भांडी वाजतात, घरं पडत नाहीत. भूकंपाच्या मोजमापात एक अंक वाढला की बाहेर पडणारी शक्ती जवळजवळ बत्तीस पट होते. म्हणजे तीनच्या धक्क्यापेक्षा सहाचा धक्का तीस हजार पटींनी मोठा. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण शुक्रवारी जे झालं त्याचा बाऊ मला करायचा नाही. तुम्हाला तिथे काही जाणवलं नाही हेही साहजिक आहे.

पण "आपलाकडे भुई हालत नही" हे तुमचं वाक्य मला तसंच सोडता येत नाही.

आप्पा, लहानपणी तुम्ही आम्हाला यस्टीने अडावदवरून उनपदेवला नेलं होतं, आठवतं? भर थंडीत कुंडातून वाफा निघत होत्या. मी विचारलं, पाणी कोण तापवतं? तुम्ही म्हणालात, देव. सातपुड्याच्या पायथ्याने, तापीच्या उत्तर अंगाला, जमिनीत एक लांबच लांब भेग गेली आहे. तिथून खोलवरचं ऊन पाणी वर येतं. नर्मदा-तापीचा सगळा पट्टाच असा जुन्या भेगांचा आहे. 22 मे 1997 ला जबलपूरला 5.8 चा भूकंप झाला तो याच पट्ट्यात. आणि त्याआधी 14 मार्च 1938 ला आपल्या सातपुड्यातच झाला, सहाच्याही वरचा. तो जमिनीत खूप खोल होता म्हणून लांबलांबपर्यंत जाणवला. थोरली आजी "भुईनं अंग झटकं" म्हणून जी गोष्ट सांगायची, गाईंनी दावी तोडली आणि उतरंड कोसळली, ती आपण आजीची गोष्ट म्हणून ऐकली. मला आता वाटतं ती याच भूकंपाची असणार. आजी तेव्हा नवी नवरी होती, हिशोब जुळतो.

देशाच्या भूकंप-धोक्याच्या 2002 च्या नकाशात तापीचा हा पट्टा तिसऱ्या झोनमध्ये दाखवला होता, मध्यम धोक्याच्या. किल्लारी 1993 च्या वेळी पहिल्या झोनमध्ये होती, सगळ्यात कमी धोक्याच्या. तिथल्या माणसांनाही आपल्याकडे भुई हालत नाही असंच वाटत होतं. अनंत चतुर्दशीच्या रात्री विसर्जन आटोपून माणसं झोपली आणि पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी, 30 सप्टेंबरला, हजारो माणसं झोपेतच गेली. तुम्ही गावातून ज्वारीची पोती गोळा केली होतीत. माझ्या फ्रॉकसुद्धा त्या गाठोड्यात आईने बांधल्या होत्या. मी दोन दिवस रुसले होते, ते आठवून आजही मला वाईट वाटतं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात, निवृत्त इंजिनिअर. किल्लारीनंतर ते त्या भागात घरं दुरुस्त करायच्या कामावर होते. शुक्रवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले आणि आपल्या घराचं चित्र काढून दाखवलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "धाब्यावर माती किती?" मी म्हटलं, दीड फूट तरी असेल. ते काही बोलले नाहीत, कागद पुढे ओढला.

आप्पा, तुम्ही आकड्यांना मानता, म्हणून हिशोब तसाच लिहिते. मधला खण बारा बाय पंधरा फूट. त्यावर दीड फूट माती, म्हणजे 270 घनफूट. एक घनफूट कोरडी माती साधारण 45 किलो. झाले बारा हजार किलो. बारा टन. सावद्याहून दिल्लीला निघालेला केळीचा भरलेला ट्रक आपण मधल्या खणावर उभा केला आहे, आणि त्याच्याखाली रात्री तुम्ही दोघं झोपता. पावसाळ्यात माती पाणी धरते तेव्हा वजन आणखी वाढतं. किल्लारीला दगडमातीच्या भिंती आणि त्यांवरचं असंच जड माळवद, हेच माणसांच्या अंगावर आलं. भूकंपात जेवढं वजन वर, तेवढा जोराचा हिसका भिंतीला बसतो.

ही माती एका दिवसात चढलेली नाही. दर वर्षी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की ट्रॅक्टरभर खारी माती येते. तुम्ही स्वतः फावडं घेऊन वर चढता, उंदरांची बिळं बुजवता, पन्हाळीकडे उतार देता आणि धुम्मसाने चोपता. तुमच्या वडिलांनीही हेच केलं. जुनी माती कधी काढली नाही, नवी मात्र दर वर्षी पडत राहिली. पाणी गळू नये, आईला रात्री हंडे मांडत फिरावं लागू नये, म्हणूनच तुम्ही हे करत आलात. मी तुमच्या कामाला नावं ठेवत नाही. वैशाखात बाहेर पंचेचाळीस अंश असताना आपल्या घरात माठासारखा गारवा असतो, तो त्या मातीमुळेच. त्या धाब्यावर मी पापड-कुरडया राखल्या, चांदण्यात गोधडीवर झोपून अभ्यासाच्या कविता पाठ केल्या. बाळंतपणाला आले तेव्हाही त्याच गारव्यात चाळीस दिवस काढले. आमच्या स्लॅबच्या घरात रात्री दोनलाही भिंती तापलेल्या असतात. धाबं काढून स्लॅब टाका, असं मी कधीच म्हणणार नाही.

काकांनी एक चांगलीही गोष्ट सांगितली. आपलं छत खांबांवर उभं आहे, निव्वळ भिंतींवर नाही. किल्लारी भागात जिथे असे लाकडी खांब होते तिथे बऱ्याच घरांच्या भिंती ढासळल्या तरी छत खांबांवर उभं राहिलं आणि खालची माणसं वाचली. आजोबांनी ते सागाचे खांब कुठून आणि कसे आणले असतील, मला माहीत नाही. पण त्या रात्री मला त्यांना नमस्कार करावासा वाटला.

काकांच्या मते मोठं असं काही करायचं नाही. वरची माती उतरवून वीतभर ठेवायची. तिच्याखाली जाड प्लास्टिकचा कागद पसरायचा, म्हणजे गळण्याची भीती नाही आणि दर वर्षी माती घालायचं कारणही उरत नाही. खांब आणि तुळई जिथे मिळतात तिथे तिरपं लाकूड ठोकायचं, म्हणजे हिसका बसला तरी खांब कलंडणार नाहीत. वाळवीचा खांब बदलायचा. फुगलेली भिंत उतरवून नव्याने घ्यायची, मधे मधे आरपार जाणारे लांब दगड घालून. गावातलाच मिस्त्री आणि सुतार हे करू शकतील, काका एकदा येऊन दाखवून जायला तयार आहेत. गारवा थोडा कमी होईल, हे मी लपवत नाही. सुरतेला भावाशी बोलले. खर्च आम्ही दोघं निम्मा निम्मा करू. तो म्हणाला, "आप्पा ऐकतील का, ते तू बघ."

मला एवढंच कळतं की तुम्ही दोघं आता सत्तरीच्या पुढे आहात. मागच्या वर्षी शिडीवरून उतरताना तुमचा पाय घसरला होता. ते आईने मला सांगितलं नाही, शेजारच्या काकूंकडून कळलं. वर चढून माती चोपायचं वय हे नाही, आणि खाली झोपून बारा टन अंगावर घ्यायचं तर कुठलंच वय नाही. ती वीस मिनिटं मला परत नकोत, आप्पा. पुन्हा कधी कुठे धक्का बसला आणि तुमचा फोन लागला नाही, तर तुम्ही नुसते वावरात असाल, एवढंच माझ्या मनात यावं.

तोवर दोन कामं आजच करा. आई, तुझी खाट त्या भिंतीपासून हलव आणि दाराकडे घे. आणि मांडणीवरचे हंडे, घागरी, ते मोठं पातेलं, सगळं खाली उतरवून ठेव. शोभा गेली असं वाटेल, पण ठेव. रात्री दाराला आतून लाकडाचा अडसर लावता तोही नको, कडी पुरे. आपल्या घरात हललं तर टेबल नाही, म्हणून दाराजवळ असाल तर सरळ अंगणात, निंबाखाली नाही, मोकळ्यात.

आखाजीला मी येतेच आहे. या वर्षी साडी घेऊ नकोस, आई, आणि बांगड्याही नकोत. झोका बांध, खापरावर मांडे कर, आमरस कर, पोऱ्या दोन महिन्यांपासून विचारतो आहे. पण आखाजीचं माझं मागणं हेच की मी येईपर्यंत धाब्यावर फावडाभरही नवी माती पडू नये. आप्पा, ट्रॅक्टरवाल्याला शब्द देऊन ठेवला असेल तर त्याला निरोप पाठवा की माती नको, ट्रॉली मात्र लागेल, उतरवलेली माती न्यायला. ती आपल्या वावरात टाकू नका, खारी आहे. गावठाणाच्या खड्ड्यात टाकता येईल का ते विचारून ठेवा.

उत्तर लिहा. फोनवर नको.

तुमची,
ताई