ऊर्जामंत्री महोदय, निदान नकार तरी द्या!

मा. ऊर्जामंत्री, अमेरिका
यांस स.न.वि.वि.

तुमच्या प्रयोगशाळेत प्रवेशासाठीचा इंग्रजीतला अर्ज पडूनच आहे, म्हणून हे मराठीत. वाचणारे मिळतीलच, आख्खं गुप्तवार्ता आणि प्रतिहेरगिरी कार्यालय तुमच्या खात्यात आहे.

मी मूळचा सांगलीचा, इथे अमेरिकेत एका विद्यापीठात लिथियम बॅटऱ्यांवर काम करतो. तुमच्या खात्याच्या एका राष्ट्रीय प्रयोगशाळेत क्ष-किरणांच्या यंत्रावर वेळ मिळाली होती. ‘परवानगी वेळेत होईल,’ असा शब्द होता. परवा एका ओळीची मेल आली : पडताळणी सुरू आहे. यंत्र दुसऱ्यांना गेलं. हवा लागू नये म्हणून आर्गॉन वायूच्या पेटीत जपलेल्या लिथियमच्या चकत्या काळवंडल्या. माझ्या विद्यार्थिनीचा प्रबंध रखडला, तिचा व्हिसा टांगणीला. माझी झोप उडालीय, पित्त खवळलंय, बायको म्हणते, चला परत. आणि गुपित कसलं हो? निकाल आम्ही छापणारच होतो!

गुन्हा एकच, भारतीय पासपोर्ट. भारत तुमच्या ‘संवेदनशील देशां’च्या यादीत आहे, म्हणजे तिथल्या नागरिकांची प्रयोगशाळेत शिरण्याआधी जादा पडताळणी. तरी २००८ साली आपल्या दोन देशांत अणुकरार झाला. २०२५ च्या मार्चमध्ये होल्टेक या तुमच्या कंपनीला अणुभट्टीचं तंत्रज्ञान भारतातल्या कंपन्यांना द्यायची मुभा दिलीत, त्यातली एक पुण्याची. म्हणजे अणुभट्टी पुण्यात चालते, सांगलीकर तुमच्या फाटकात चालत नाही. वा! दक्षिण कोरियाची तऱ्हा आणखी वेगळी. त्याच वर्षी जानेवारीत त्यांना यादीत घातलंत, त्यांना कळलं मार्चमध्ये.

बरं, यादीने हेर सापडतात? पहिला अणुबॉम्ब बनवणाऱ्या लॉस अलामोस प्रयोगशाळेतून अणुबॉम्बची माहिती फोडणारे थिओडोर हॉल आणि डेव्हिड ग्रीनग्लास दोघेही जन्माने न्यूयॉर्कचे. उलट तैवानात जन्मलेल्या, अमेरिकी नागरिक असलेल्या, तिथल्याच शास्त्रज्ञ वेन हो ली यांना १९९९ मध्ये पकडलंत, ५९ आरोप ठेवलेत, नऊ महिने एकांतकोठडीत डांबलंत. उरला आरोप एक. न्यायाधीशांनी भर कोर्टात माफी मागितली. पुढे लींनी लावलेला दावा मिटवायला सरकार आणि वृत्तमाध्यमांनी मिळून सोळा लाखांवर डॉलर मोजले. सरकारचा वाटा कुणाच्या खिशातून गेला? आमच्याच! पगारातून कर कापताना पासपोर्ट कुणी बघत नाही. ग्रीनकार्डाच्या रांगेत मात्र भारतीयांची अर्धी हयात जाते आणि वर भाषणं द्यायची, ‘हुशार माणसं आम्हाला हवीत’.

निर्णयाला मुदत घाला. नाही म्हणायचं तर कारणासकट लेखी म्हणा. कारणच गुप्त असेल, तर तेवढं तरी सहीशिक्क्यानिशी कळवा. विद्यार्थिनीच्या अर्जाला जोडायला कागद हवाय.

आपला,
एक ‘संवेदनशील’ सांगलीकर