लग्न दुसऱ्याचं, आपण वऱ्हाडी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या, टेबलाभोवती बसून फासे टाकत गोष्ट रचायच्या खेळावर लेख आला. नाशिकच्या पेपरात वीस पैलूंच्या फाशाचा फोटो छापून येईल असं कधी वाटलं नव्हतं, म्हणून आधी आभार. मात्र लेखकाने जाता जाता एक वाक्य टाकलंय, की या खेळातल्या ‘फॉरगॉटन रेल्म्स’ नावाच्या सर्वांत गाजलेल्या जगाला जुने खेळाडू नाक मुरडतात ते निव्वळ आकसापोटी. मी त्या नाक मुरडणाऱ्यांपैकी आहे. (आमच्या गावात नाकाचा विषय जपून काढावा लागतो, तरी.) आकस आहे हे कबूल, पण तो कशाचा ते सांगायला हवं.

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात सव्वीस वर्षं नोकरी करते. हा खेळ मुलाने लॉकडाऊनमध्ये घरात आणला. पुढे तो नोकरीसाठी पुण्याला गेला, पण त्याचे मित्र दर शनिवारी इंदिरानगरला आमच्याकडे येतच राहिले. डीएम, म्हणजे डन्जन मास्टर, व्हायला कुणी तयार होईना. बाकीचे एकेक पात्र खेळतात आणि डीएमने उरलेलं सगळं जग चालवायचं, सरायवाल्यापासून राक्षसापर्यंत. पोरं म्हणाली, काकू, तुम्हीच व्हा, तुमचं वाचन आहे. वाचन होतं, तीच पुढे पंचाईत झाली.

हे रेल्म्सचं जग एड ग्रीनवुड या कॅनेडियन माणसाने शाळकरी वयात, १९६७च्या सुमारास, स्वतःच्या गोष्टींसाठी रचायला घेतलं. पुढे तोही ग्रंथालयात नोकरीला लागला, त्यामुळे मला त्याच्याबद्दल सख्ख्या भावासारखी माया आहे. १९८७ साली टीएसआर या, तेव्हा हा खेळ छापणाऱ्या कंपनीने ते जग करड्या रंगाच्या पेटीत घालून बाजारात आणलं. त्या पेटीवर माझा काही राग नाही. उलट तिच्यात एक फार शहाणपणाची गोष्ट होती. सेम्बिया नावाचा एक अख्खा प्रदेश डीएमसाठी मोकळा सोडला होता. इथे तुम्हाला हवं ते वसवा, आम्ही हात लावणार नाही. ले-आउट मंजूर करून घेताना आपल्याकडे ओपन स्पेस दाखवतात ना, तसं. आणि ओपन स्पेसचं आपल्याकडे जे होतं तेच त्याचंही झालं. काही वर्षांनी खुद्द मालकांनीच तिथे कादंबऱ्यांची मालिका बांधून काढली.

बाकी नकाशाही असाच भरत गेला. पूर्वेला चीन-जपानच्या वळणाचं कारा-तूर, पश्चिमेला समुद्रापार ॲझ्टेकांच्या धर्तीचं माझटिका, दक्षिणेला अरबी कथांतलं झखारा. भेळ मलाही आवडते, पण ही भेळ कालवायचा चमचा माझ्या हातात कधी आलाच नाही. शिवाय प्रत्येक रस्त्यावर कुणीतरी थोर आधीच उभा. एल्मिन्स्टर हा म्हातारा जादूगार, १९८८पासून कादंबऱ्या गाजवणारा ड्रिझ्ट, आणि त्यांचे सगेसोयरे.

पहिल्याच महिन्यातली गोष्ट. माझे पाच खेळाडू अगदी नवखे, पहिल्या लेव्हलचे. रेल्म्समधल्या शॅडोडेलजवळच्या एका खेड्यावर गॉब्लिन, म्हणजे बुटके राक्षस, चालून येतात आणि गावचा म्हातारा पाटील हात जोडतो, वाचवा म्हणून. मी बिचारी तीन दिवस तयारी करून बसलेली. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, “काकू, एल्मिन्स्टर इथेच राहतो ना? मग हे लोक आमच्या पाया का पडतायत?” मला सुचेना. मी म्हटलं, तो कामात आहे. सगळे हसले, आणि त्या खेड्यातली हवाच गेली. हेच माझं दुखणं. लग्न दुसऱ्याचं, आपण वऱ्हाडी. जेवण उत्तम, मांडव झकास, पण आपण आलो नसतो तरी मुहूर्त टळला नसता.

दुसरं दुखणं आमचे पंडित. मुलाच्या या मित्राचं खरं नाव मी सांगत नाही. तो अधाशासारखा वाचतो आणि ज्ञानेश्वरीच्या ओव्या पाठ असाव्यात तशा त्याला रेल्म्सच्या सनावळ्या पाठ. मी त्यांच्या कालगणनेतलं १३६० हे वर्ष धरून बेन या दुष्ट देवाच्या पुजाऱ्याला देवाचा कौल मिळवून दिला. पंडित घास खाली ठेवून म्हणाले, “काकू, बेन १३५८मध्येच मेला. आता १३७२शिवाय परत येत नाही.” पुस्तकात पाहिलं तर खरंच! तेव्हापासून मी काहीही बोलले की आधी सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे जायचे. पोरगा भांडखोर मुळीच नाही, निघताना कपबशा विसळून ठेवतो. पण जग पाठ असलेला एक माणूस टेबलाशी असला की डीएमला मत उरत नाही, फक्त परीक्षा उरते.

आणि पाठ करून तरी काय उपयोग? नियमांची नवी आवृत्ती आली की कंपनी जगच हलवते. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत मारेकरी हा पेशा नियमांतून वगळला, तर कथेत त्याच बेनने झाडून सगळे मारेकरी ठार केले. २००८च्या चौथ्या आवृत्तीसाठी जादूच्या देवीचा खून झाला, प्रदेशच्या प्रदेश उद्ध्वस्त झाले आणि काळ जवळजवळ शंभर वर्षं पुढे ढकलला. ज्यांनी वीस वर्षं त्या गावांत आपली पात्रं नांदवली, त्यांच्या ओळखीची बहुतेक माणसं एका पुस्तकात कालवश. मग २०१४च्या पाचव्या आवृत्तीत बरंचसं होतं तसं आणून ठेवलं. जादूची ती देवी १३५८मध्येही एकदा मेली होती. तिच्या जागी मी असते तर नव्या आवृत्तीची जाहिरात दिसताच गाव सोडलं असतं.

‘बॉल्डर्स गेट’ या कॉम्प्युटर गेमबद्दल लेखकाने लिहिलं ते मात्र मान्य. १९९८चा पहिला मी पाहिलेला नाही, २०२३मधला तिसरा मुलाच्या पाठीशी उभी राहून तासन् तास पाहिला. तिथे जग आधीच भरलेलं असतं ते सोयीचंच, कारण ते कुणा काकूला चालवायचं नसतं.

गेल्या दिवाळीनंतर मी रेल्म्सची पुस्तकं कपाटात टाकली आणि एक नदीकाठचं गाव काढलं. नाव वेगळं, पण घाट आपलाच, चढावरचा बाजार आपलाच, आणि नदीच्या पात्रात दोन बाजूंना तोंडं असलेली एक दगडी मूर्ती. वर कुठेतरी धरण आहे आणि ते एका चिडक्या जलदेवतेच्या ताब्यात आहे. पूर चढू लागला तेव्हा मला एक शब्दही समजावून सांगावा लागला नाही. गोदावरीतल्या आपल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठल्या अंगाला पाणी लागलं की भांडी बाजार हलवायचा, हे यातल्या प्रत्येकाने घरी ऐकलेलं. एकाच्या आजोबांचं दुकान २०१६च्या पुरात सापडलं होतं, त्याने न सांगता तराजू आणि वह्या आधी माडीवर नेल्या. फासे पडण्याआधीच टेबलाभोवती गोंधळ. पंडित पहिल्यांदाच गप्प बसले होते. मग हळूच विचारलं, “काकू, पाणी कुठवर आलंय?” मी म्हटलं, छातीला. त्याने आपल्या पात्राची ढाल काढून ठेवली आणि दोर मागितला.

लेखकाला हे प्रत्यक्ष पाहायचं असेल तर आपण माझा निरोप द्यावा. शनिवारी संध्याकाळी सातला एक खुर्ची रिकामी असते. चहा-चिवडा आमचा, फासे मात्र त्यांनी आपले आणावेत, आमचा वीसचा मांजराने सोफ्याखाली घातलाय.

आपली,
एक वाचक,
इंदिरानगर, नाशिक