डिझेल गाडीची एअर

मिरज

चि. अमोल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फिल्टर बदलल्यापासून गाडी सुरू होत नाही म्हणून तू रात्री पाठवलेले फोटो आज सकाळी उजेडात नीट पाहिले. डिझेल फिल्टर घरी बदलण्यात गैर काहीच नाही. मात्र दुसऱ्या फोटोत झाकणाच्या खोबणीत जुनी ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, चिकटून राहिलेली स्पष्ट दिसते आणि नवी तू तिच्यावरच बसवली आहेस. अशा वेळी झाकण घट्ट आवळल्यासारखे वाटते, बाहेर डिझेलचा थेंबही दिसत नाही, पण तुझ्या गाडीला टाकीत विजेचा पंप नसल्यामुळे पुढचा पंप डिझेल ओढू लागला की त्या फटीतून हवा आत शिरते. गाडीने एअर धरली, म्हणजे डिझेलच्या वाटेत हवा अडकली, ती इथेच.

त्यानंतर बॅटरी उतरेपर्यंत तू सेल्फ मारत राहिलास, हे मला अधिक खटकले. हाय प्रेशर पंपाला वंगण मिळते ते डिझेलचेच. तो कोरडा फिरला की धातूचा बारीक चुरा पडतो आणि तो रेलमधून, म्हणजे दाबाखालचे डिझेल साठवणाऱ्या सामाईक नळीतून, थेट सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरमध्ये जाऊन बसतो. शिवाय रेलमध्ये ठरावीक दाब आल्याशिवाय ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इंजेक्टर उघडण्याचा इशाराच देत नाही, त्यामुळे हवा असताना कितीही सेल्फ मारला तरी व्यर्थ.

इंजेक्टरच्या नळीचा नट सैल करण्याची कल्पना तुला कुठून सुचली, ते मी ओळखतो. आपल्या ट्रॅक्टरची एअर काढताना नट अर्धा फेरा सैल करायचा, फेस जाऊन निव्वळ डिझेल येऊ लागले की आवळायचा, हे तू लहानपणापासून पाहिले आहेस. त्या इंजिनात नोझल, म्हणजे इंजेक्टरचे फवारणारे तोंड, साधारण २०० बार दाबाला उघडते आणि प्रत्येक नोझलची नळी पंपापासून स्वतंत्र असते. तुझ्या गाडीच्या कॉमन रेलमध्ये चालू इंजिनात दाब १५०० बारच्या आसपास जाऊ शकतो. टायरमध्ये आपण दोन-सव्वादोन बार हवा भरतो, यावरून अंदाज कर. (ज्या व्हिडिओचा तू आधार घेतलास, त्यातल्या गृहस्थांनी आपली गाडी कोणती, हे शेवटपर्यंत सांगितलेले नाही.) गळती बोटाने चाचपून पाहिल्याचे तू सहज लिहिले आहेस. इतक्या दाबाची धार कातडी भेदून आत शिरते, वर सुई टोचल्याएवढीच खूण दिसते, सुरुवातीला फारसे दुखतही नाही आणि काही तासांत बोट गमावण्याची पाळी येते. बोटावर तशी बारीकशी खूण असेल तर हे पत्र बाजूला ठेवून आधी हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा आणि दाबाखालचे डिझेल शिरले असावे, हे डॉक्टरांना याच शब्दांत सांग.

गाडीला आता हात लावू नकोस आणि सोसायटीतल्या कोणाला धक्का मारूनही सुरू करू देऊ नकोस. फिल्टरमधले डिझेल तेवढे पांढऱ्या वाटीत ओतून उन्हात बघ. चंदेरी चमक दिसली तर पंप, रेल आणि इंजेक्टर उघडावे लागतील आणि खर्च मोठा येईल. चमक नसेल तर टोइंग करून डिझेल पंपाचे काम जाणणाऱ्या मिस्त्रीकडे ने. ओ-रिंग एकच बसवून, हाताने पंप मारून एअर काढली तर बहुधा गाडी सुरू होईल. फोटोत नटाचे कोपरे गोल झालेले दिसतात, तेव्हा ती नळी नवीनच टाकायला सांग; पैशांची काळजी करू नकोस, मी पाठवतो. वाटीचा फोटो मात्र दुपारपर्यंत आला पाहिजे.

तुझा,
बाबा