शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र : कोसाइनला थोडा बर्फ द्या

मा. शालेय शिक्षण मंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

सा. न. वि. वि.

हिंदी प्रत डाकेने रवाना केली आहे. ही मराठी प्रत इंदूरच्या मराठी पालकांनी वाचावी म्हणून.

अकरावीची मुले त्रिकोणमितीत पानेच्या पाने ‘सिद्ध करा’ सोडवतात. कोसाइनचा आलेख एकदा वहीत काढला की संपले. त्याच आलेखावर ध्रुवीय समुद्राच्या बर्फाचे वर्ष बऱ्यापैकी बसते, हे त्यांना करून पाहू द्या.

हिशोब फळ्यावर मावतो. आर्क्टिकमध्ये हल्ली मार्चच्या मध्याला साधारण १४५ लाख चौरस किलोमीटर समुद्र बर्फाखाली असतो, सप्टेंबरच्या मध्याला ४५ लाख. मधला आकडा ९५, चढउतार ५०. मार्चपासून ‘म’ महिने उलटले, तर विस्तार = ९५ + ५० × कोसाइन (३०° × म). मेमध्ये म = २, उत्तर १२० लाख. उपग्रहांचा आकडा थोडा वर असतो. पण दोन आकड्यांवर वर्षभराचे गणित चालवले, त्या मानाने ठीकच.

नोव्हेंबरात मात्र सूत्र तोंडघशी पडते. ते म्हणते ७० लाख, प्रत्यक्षात बहुतेक वर्षी ९० लाखांच्या वर. कारण शरदात उघड्या पाण्यावर पातळ बर्फ झपाट्याने धरतो. पुढे सायबेरिया-कॅनडाचे किनारे आडवे येतात आणि पसरणे मंदावते. ही तफावत मुलांनीच शोधावी, मास्तरांनी आधी सांगू नये.

दुसरा प्रश्न आपल्या माळव्यातला. २१ जूनच्या सुमारास उज्जैनजवळ सूर्य डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. उत्तर ध्रुवावरही तेव्हाच ऊन सर्वांत जास्त. मग बर्फ सर्वांत कमी सप्टेंबरमध्ये का? ऊन किती बर्फ उरला हे ठरवत नाही, तो किती वेगाने वितळतो हे ठरवते. कलनाची (कॅल्क्युलसची) ओळख याहून सोपी मी तरी पाहिलेली नाही.

अंटार्क्टिकाचे चक्र उलटे, नीचांक फेब्रुवारीत. तिथे आपली ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही केंद्रे आहेत, तेव्हा ‘आपल्याला काय त्याचे’ म्हणायची सोय नाही.

खर्च जवळपास शून्य. १९७९ पासूनचे उपग्रहांचे आकडे कोलोरॅडोचे नॅशनल स्नो अँड आइस डेटा सेंटर फुकट देते. मंडळाने दर महिन्याच्या आकड्यांचे एक पान छापून शाळांना पाठवावे. इंटरनेट नसलेल्या गावातही आलेखाच्या कागदावर काम भागेल. गुण ठेवायचेच असतील, तर नोव्हेंबर का चुकला याच्या उत्तराला ठेवा.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक
रामबाग, इंदूर