बूस्टर लसीच्या दिवशी थयथयाटाबद्दलही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एसटी स्टँडवर किंवा मंगल कार्यालयात दीड-दोन वर्षांचे मूल फरशीवर लोळण घेते, भोकाड पसरते आणि भोवतालची मंडळी 'लाडावून ठेवलंय' असा निकाल देऊन मोकळी होतात. पहिल्यांदाच आईबाप झालेल्यांना तो निकाल खरा वाटतो. मग धपाटा बसतो, नाहीतर मोबाइल हातात जातो. दोन्ही उपाय चुकीचे आहेत आणि हे त्यांना वेळेवर कोणी सांगितलेले नसते, म्हणून हे पत्र.

हा थयथयाट साधारण दीड वर्षाच्या सुमारास सुरू होतो, दोन ते तीन वर्षांत सर्वाधिक असतो आणि चौथ्या वर्षापर्यंत बराच ओसरतो. या वयात काय हवे ते मुलाला नेमके कळू लागते, पण सांगायला शब्द अपुरे पडतात. मनाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग तर पुढे कित्येक वर्षे घडत राहणार असतो. त्यात दुपारची झोप बुडालेली किंवा पोट रिकामे असले, की पोळी आईने मोडून दिली एवढे कारणही पुरते. त्याला ती अख्खी हवी होती.

अशा वेळी आधी गरम भांडे, जिना, टोकदार वस्तू यांपासून मुलाला दूर घ्या. मग हातभर अंतरावर खाली बसा. उभ्याने, वरून बोलू नका. 'पोळी मोडली म्हणून राग आलाय' एवढे एकच वाक्य म्हणा आणि गप्प राहा. त्या क्षणी समजावणे डोक्यात शिरत नाही, आणि चौघांनी चार बाजूंनी समजावले की रडणे वाढतेच. एकानेच जवळ थांबावे. मूल कुशीत येत असेल तर घ्या, ढकलत असेल तर हात मागे घ्या. मारत-चावत असेल तर हात हलके धरून 'मारायचं नाही' एवढेच म्हणा. बहुतेक वेळा पाचेक मिनिटांत जोर ओसरतो, हुंदके सुरू होतात. पाणी तेव्हा द्यावे.

सगळ्यांत महागात पडते ते दहा मिनिटे 'नाही' म्हणून अकराव्या मिनिटाला देणे. त्यातून मूल एवढेच शिकते की अकरा मिनिटे रडावे लागते. देण्यासारखी वस्तू असेल तर पहिल्या मागणीलाच द्या. नसेल तर आजीपासून काकापर्यंत सगळ्यांचे उत्तर एकच हवे. मोबाइल तर या वयात नकोच. दोन वर्षांच्या आत मोबाइल-टीव्हीचा पडदा अजिबात नको, असेच बालरोगतज्ज्ञ सांगतात. 'डॉक्टर सुई टोचतील' ही धमकीही देऊ नये, कारण पुढे आजारपणात तेच मूल तपासूही देत नाही.

काही मुले रडता रडता श्वास धरतात. ओठ निळे पडतात, अंग सैल किंवा ताठ होते, क्षणभर शुद्ध हरपते. घरात हलकल्लोळ माजतो. कोणी कांदा-चप्पल हुंगवते, कोणी तोंडावर पाणी मारते, कोणी गदागदा हलवते. हलवणे सर्वांत घातक, त्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. मुलाला कुशीवर झोपवावे, तोंडात काही घालू नये. श्वास बहुधा मिनिटाच्या आत आपोआप परततो. त्याहून लांबला किंवा मूल न रडताच असे झाले, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. पहिल्यांदा झाल्यावर डॉक्टरांना दाखवावेच आणि रक्त तपासून घ्यावे. अशा मुलांत लोहाची कमतरता बरेचदा सापडते आणि लोहाच्या औषधाने हे प्रकार कमी होतात. दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त दूध, चहात बुडवलेली बिस्किटे आणि जेवणाला नकार, या सवयींतून ही कमतरता वाढते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील दोन तृतीयांशांहून अधिक मुले रक्तक्षयी आढळली, हे इथे लक्षात घ्यावे.

आता मुख्य मागणी. सरकारी लसीकरणाच्या वेळापत्रकात १६ ते २४ महिन्यांना बूस्टर, म्हणजे आधीच्या लसींचा पुढचा डोस, असतो. त्यानंतरची लस थेट पाच-सहा वर्षांची. थयथयाटाचा सगळा काळ नेमका या मधल्या वर्षांत येतो. लस टोचल्यावर आईला मुलासह अर्धा तास केंद्रातच बसवून ठेवतात. त्या अर्ध्या तासात नर्सताईंनी किंवा आशाताईंनी वरच्या चार गोष्टी सांगाव्यात आणि आठवड्यातून दोनदा १ मिली द्यायचे लोहाचे औषध घरी आहे का, ते विचारावे. दीड वर्षाचे मूल एकही शब्द बोलत नसेल किंवा दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नसेल, तर कानांच्या तपासणीसाठी पाठवावे. ऐकू न येणाऱ्या मुलाचा आक्रोशही हट्टच समजला जातो. आणि बूस्टरचा निरोप देताना 'येताना आजीलाही घेऊन या' एवढे आवर्जून सांगावे.

– दोन बालरोगतज्ज्ञ, सातारा